तोळ्यामागे टनभर गारगोटी

बेंडिगोत उतरल्यावर सोनं कुठेच दिसत नाही. दिसतात त्या गारगोट्या. बागेतल्या वाफ्यांना कड म्हणून लावलेल्या, निलगिरीच्या झाडांखाली विखुरलेल्या, जुन्या घरांच्या आवारात मातीतून डोकं वर काढणाऱ्या. पांढऱ्याधोप, मधेच गंजाचा तांबूस डाग पडलेल्या. लहानपणी अंधाऱ्या खोलीत दोन गारगोट्या एकमेकींवर घासून आपण उजेड पाडायचो ना, तोच हा दगड. शाळेच्या पुस्तकात त्याला क्वार्ट्झ म्हणतात. या दगडापायी मेंढ्यांच्या कुरणात एक अख्खं शहर उभं राहिलं. त्याची बँक, त्याचं पोस्ट, त्याचं कारंजं, त्याचं शॅम्रॉक हॉटेल बघताना मुंबईतल्या फोर्टच्या इमारती आठवाव्यात असा थाट. एवढं वैभव या दगडातून निघालं यावर विश्वास बसायला मला तरी जमिनीखाली उतरावं लागलं.

बेंडिगो हे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातलं गाव. मेलबर्नपासून साधारण १५० किलोमीटर, रेल्वेने दोन तास. लेकीकडे किंवा मुलाकडे मेलबर्नला आलेली मराठी मंडळी ग्रेट ओशन रोड बघतात, पेंग्विन बघतात, पफिंग बिलीच्या गाडीत पाय बाहेर सोडून फोटो काढतात आणि परत जातात. बेंडिगोकडे सहसा कोणी फिरकत नाही. मी गेलो त्याला कारण आजोळचं. माझं आजोळ सांगली जिल्ह्यातलं, खानापूर तालुक्यातलं. विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. पाऊस नाही, शेती पिकत नाही म्हणून बाहेर पडली आणि हिंदुस्थानातल्या जवळपास प्रत्येक सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत भट्टी पेटवून बसली. जुने मोडीचे दागिने आटवायचे, तेजाबात टाकायचे, तांबं-चांदी बाजूला काढायची, चोख सोनं सराफाच्या हातात द्यायचं. माझ्या मामाचं दुकान कोइमतूरला होतं. मूस, टाकणखार, तेजाबाचा घशात बसणारा धूर, हे सगळं सुट्टीत पाहिलेलं. पण आमच्या घराण्याला सोनं माहीत होतं ते शेवटच्या टोकाकडून. मामाला एकदा विचारलं होतं, हे मुळात येतं कुठून? मामा म्हणाला, “सराफाकडनं.”

तर इथे ते दगडातून येत होतं. सुरुवातीला मात्र दगडातून नव्हे, ओढ्यातून. १८५१ साली इथल्या बेंडिगो क्रीक नावाच्या ओढ्यात सोनं सापडलं. ते पहिल्यांदा टिपलं दोन बायकांनी, मेंढपाळांच्या तळावरच्या, असं गावात मानतात. पुढे जे व्हायचं तेच झालं. इंग्लंड, आयर्लंड, जर्मनी, चीन, कॅलिफोर्निया, जिथून म्हणाल तिथून माणसं आली. तंबू पडले. ओढ्याचा गाळ परातीत घेऊन पाण्यात हलवायचा. हलकी वाळू वाहून जाते, जड सोनं तळाशी राहतं. सोनं पाण्याच्या १९ पटीहून जड, गारगोटी जेमतेम अडीच पट. या एका फरकावर सगळा खेळ. आपल्याकडचे झारेकरी सराफ कट्ट्याच्या गटारातला गाळ धुऊन सोन्याचे कण काढतात ते याच फरकाच्या जोरावर. बेंडिगोतले चिनी खाणकरी गोऱ्यांनी धुऊन टाकलेला गाळ पुन्हा धूत आणि त्यातूनही पोट भरण्याइतकं सोनं काढत. त्याबद्दल त्यांना शाबासकी मिळाली नाही, राग मिळाला, जादा कर मिळाला. आज त्याच गावात त्यांचं मोठं संग्रहालय आहे, ईस्टरच्या मिरवणुकीत शंभर माणसं लागतील असा लांबलचक ड्रॅगन नाचवतात आणि सगळं गाव टाळ्या वाजवतं. काळ गेला की टाळ्या स्वस्त होतात.

ओढ्यातलं सोनं काही वर्षांत संपत आलं. मग डोकं चालवणाऱ्यांच्या ध्यानात आलं की ओढ्यात हे आलं ते वरच्या टेकड्यांमधल्या पांढऱ्या दगडातून झिजून आलं. आता दगडच फोडला पाहिजे. इथून गोष्ट बदलते. परात आणि फावडं घेऊन आलेला एकटा माणूस गारगोटीपुढे काय करणार? कोणी भट्टी रचून दगड भाजायचे, म्हणजे तडकून ठिसूळ होतात. कोणी घोड्याला जुंपून दगडी चाकाखाली भरडायचे. बॅलरस्टेट नावाच्या एका जर्मनाने व्हिक्टोरिया हिल या टेकडीवर चिकाटीने दगड फोडून पैसा केला. त्याच्याकडून खाण विकत घेणारा जॉर्ज लॅन्सेल हा मूळचा साबण-मेणबत्त्यांच्या धंद्यातला. खाणीत मेणबत्त्या लागतातच. त्या विकता विकता माणूस खाणीत शिरला असावा. त्या काळी मर्चिसनसारख्या नामांकित भूवैज्ञानिकाचंही मत होतं की खोल जावं तसं दगडातलं सोनं कमी होत जातं. लॅन्सेल खोल गेला. आणखी खोल गेला. सोनं मिळत राहिलं. लोक त्याला ‘क्वार्ट्झ किंग’ म्हणू लागले. त्याने आपला बंगला थाटला तो दगड फोडायच्या गिरणीला खेटून. त्या फॉर्च्युना व्हिलाच्या झुंबरांखाली रात्रंदिवस धाडधाड चालू असायची. ज्या आवाजाने दुसऱ्याची झोप उडाली असती त्या आवाजात हा गडी निवांत घोरत असणार, कारण आवाज थांबला म्हणजे पैसा थांबला.

त्याच व्हिक्टोरिया हिलवरची व्हिक्टोरिया क्वार्ट्झ ही खाण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला १,४०० मीटर खोल गेली होती. तेव्हाच्या जगातल्या सर्वांत खोल सोन्याच्या खाणींमध्ये तिची गणना. आज टेकडीवर कुंपण घातलेलं तोंड आहे, भोवती वाळकं गवत आहे. वाकून बघितलं तर काळोख. दोन इयत्तांतल्या पोरांना घेऊन एक मास्तरीणबाई आल्या होत्या; पोरांना काळोखापेक्षा बाजूच्या सरड्यात जास्त रस होता.

प्रत्यक्ष खाली उतरता येतं ते सेंट्रल डेबोरा या खाणीत. गावाच्या अगदी मध्यात लोखंडी मनोरा उभा आहे, वर दोन मोठी चाकं, त्यांवरून गेलेले दोर. हे यंत्र पिंजरा खालीवर करतं. ही खाण १९३९ ते १९५४ चालली. १७ मजले, एकूण खोली ४१२ मीटर, निघालेलं सोनं जवळजवळ एक टन. बेंडिगोच्या मानाने हे धाकटं भावंड. या साऱ्या पट्ट्यातून आजवर सुमारे ६८० टन सोनं निघालं आहे. पण धाकटं भावंड जपून ठेवलेलं आहे, आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत, म्हणजे ६१ मीटरवर, माझ्यासारख्या चष्मेवाल्यालाही नेतात.

हेल्मेट आणि त्यावरचा दिवा देऊन पिंजऱ्यात उभं करतात. आमचा वाटाड्या साठीच्या घरातला, रुंद खांद्यांचा, प्रत्येकाला ‘मेट’ म्हणणारा. मी आजोळचा धंदा सांगितला तर म्हणाला, “म्हणजे तू शेवटचा माणूस, मेट. मी पहिला.” पिंजरा सुटला तेव्हा खांद्याला खांदा लागलेला, गार हवा खालून वर येत होती, भिंतींवरून पाणी ओघळत होतं. खाली पोचल्यावर त्याने सगळे दिवे बंद करायला लावून एक मेणबत्ती पेटवली. लोखंडी टोकदार दांडी असलेला मेणबत्तीचा ठाणा खडकाच्या फटीत खोचला आणि म्हणाला, एवढ्या उजेडात पाळी काढायचे. हात पुढे केला तर कोपरापर्यंत दिसत होता. मेणबत्तीचा उजेड एकीकडून पडतो म्हणून दगडातलं सोनं त्यात उलट बरं दिसायचं, असं त्याचं म्हणणं, खरं असेल.

मग त्याने टॉर्च छतावर मारला, आणि बेंडिगोचं खरं नवल मला तिथे कळलं. काळपट दगडाचे थर, वाळूचा दगड आणि पाटीचा दगड, एकावर एक, पण सपाट नाहीत. खालून कोणीतरी ढकलल्यासारखे कमानीत वाकलेले. ४० कोटी वर्षांहून जुनी गोष्ट. समुद्राच्या तळाशी साठलेला गाळ दडपून दगड झाला, भूकवचाच्या रेट्याने दुमडला, आणि घड्यांच्या माथ्यावर थर एकमेकांपासून सुटून पोकळ्या झाल्या. खोल पृथ्वीतून तापलेलं पाणी भेगांतून वर चढलं. त्यात विरघळलेली गार होती आणि लवलेश सोनं होतं. दाब उतरला, पाणी निवलं, तसं दोन्ही तिथेच थिजलं. त्यामुळे गारगोटीचा थर थेट घडीच्या माथ्यावर बसतो, दोन्ही बाजूंना उतरत जातो. खोगिराचा आकार. इथले लोक त्याला सॅडल रीफच म्हणतात, आणि भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत सॅडल रीफ म्हटलं की उदाहरण बेंडिगोचं. एका खोगिराखाली दुसरं, त्याखाली तिसरं. लॅन्सेल जितका खोल गेला तितका त्याला नवा थर का भेटला, याचं उत्तर छतावर कमानीत लिहिलेलं होतं.

पण पाण्यात तर सोनं अगदी नावापुरतं. मग दगडात ते कुठे कुठे गठ्ठ्याने कसं साठतं? या व्हिक्टोरिया राज्यातच मोलियागुलला १८६९ साली जमिनीपासून बोटभर खोलीवर ‘वेलकम स्ट्रेंजर’ नावाचा गोळा सापडला, वजन ७० किलोच्या वर. या कोड्यावर २०२४ साली मेलबर्नच्याच मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी एक भन्नाट उत्तर मांडलं. गारगोटीच्या स्फटिकावर दाब पडला की त्यात वीज तयार होते. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळात हाच गुण वापरलेला असतो. त्यांनी गारगोटीचे तुकडे सोनं विरघळलेल्या पाण्यात बुडवून भूकंपासारखे हादरवले. पाण्यातलं सोनं दगडावर येऊन बसलं, आणि आधीच सोन्याचा कण असेल तर नवं सोनं त्याच्यावरच जाऊन बसलं. म्हणजे करोडो वर्षं भूकंप होत राहिले, दर धक्क्याला चिमूटभर वीज चमकली आणि सोन्याकडे सोनं जात राहिलं. प्रयोग प्रयोगशाळेतला आहे, जमिनीखालची सगळी गोष्ट त्यात आली असं नाही. तरी मला तो ऐकल्यापासून गारगोटी निर्जीव वाटेनाशी झाली.

दगडातलं सोनं मी पाहिलं ते वाटाड्याच्या खिशातून. त्याने मुठीएवढा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. पांढरी गार, तिच्यात करड्या पाटीच्या दगडाची एक पट्टी, आणि त्या पट्टीच्या कडेकडेने पिवळा धागा. काही ठिकाणी तो धागा दोन मिलिमीटर रुंद होतो, काही ठिकाणी तुटतो आणि पुन्हा पुढे सुरू होतो. बाजूलाच झगझगीत पिवळे चौकोनी खडे. आमच्यातल्या एका बाईंनी बोट ठेवलं ते नेमकं त्या खड्यांवर. ते पायराइट, लोखंड आणि गंधक. वाटाड्या म्हणाला, दगड फिरवा. फिरवला. पायराइट एका बाजूने लखलखलं, दुसऱ्या बाजूने काळं पडलं. सोनं मात्र कसंही धरा, सारखंच. चमकत नाही, नुसतं पिवळं असतं. मग त्याने सुई दिली. सोन्यात टोचली तर टोक रुतलं, खळगा पडला. पायराइटवर टोचली तर भुगा. बाजूच्या एका रुपेरी खड्यावर त्याने हातोडीने टिचकी मारली आणि नाकाशी नेलं: लसणाचा वास. आर्सेनिकचं खनिज. बेंडिगोच्या सोन्याबरोबर ते जमिनीखालून फुकट येतं. मामाने कसोटीच्या दगडावर कस पाहिलेला मला ठाऊक होता. ही त्याच्याही आधीची कसोटी.

आता इतका ढळढळीत पिवळा धागा दिसणं हे नशीब. बहुतेक दगडात डोळ्यांना काहीच दिसत नाही. टनामागे दहा-पंधरा ग्रॅम सोनं म्हणजे इथल्या जुन्या हिशेबाने चांगला दगड. दहा ग्रॅम सोनं म्हणजे आकाराने किती? अर्धा घनसेंटिमीटर. ते कण कण होऊन टनभर गारगोटीत पसरलेलं. गारगोटी ही नुसती कठीण नाही. काच तिच्यापुढे ओरखडते, पोलादी चाकू तिच्यावर फिरवला तर चाकूच झिजतो. त्या टनाचा पार रव्याहून बारीक भुगा केल्याशिवाय ते सोनं सुटत नाही.

भुगा करायचं यंत्र वर आवारात आहे, स्टॅम्प बॅटरी. तिचं वर्णन मराठी माणसाला एका वाक्यात कळेल: लोखंडाची उखळ आणि त्यात ओळीने पडणारी पाच मुसळं. एकेक मुसळ चारशे किलोच्या आसपास, मिनिटाला साठ-सत्तर घाव. वर फिरत्या दांडीवर बाक दिलेले लोखंडी कान असतात; ते मुसळाला उचलतात आणि सोडून देतात. दगड, पाणी आणि घाव. पुढच्या बाजूला बारीक जाळी. भुगा जाळीतून जाईल इतका बारीक झाला की पाण्याबरोबर बाहेर सांडतो. आमच्यासाठी ती एकच मिनिट चालवली. पायाखालची जमीन हादरली, कानात दडे बसले, शेजारचं पोरगं आईच्या ओढणीत तोंड लपवून बसलं. आई चंदीगढची निघाली. अशी कितीतरी मुसळं एके काळी या एका गावात अहोरात्र पडत होती. रविवारी गिरण्या थांबल्या की लोकांना शांततेने चमत्कारिक वाटायचं म्हणतात.

जाळीतून निघालेला राडा उतरत्या तांब्याच्या पत्र्यावरून वाहतो. पत्र्यावर पाऱ्याचा लेप. वाळू पाऱ्यावरून घसरून जाते, सोन्याचा कण पाऱ्याला भेटला की अडकतो. आपल्याकडे देवळाच्या कळसावर पाऱ्यातून सोन्याचा मुलामा चढवत, त्यात हाच गुण वापरलेला. इथे तो उलट्या बाजूने. दिवसभराने पत्रा खरवडायचा, मऊ पांढुरका लगदा निघतो. तो कातड्यातून पिळायचा, सुटा पारा गाळून जातो, उरलेल्या गोळ्यात साधारण अर्धं सोनं, अर्धा पारा. मग बंद लोखंडी भांड्यात भट्टीवर ठेवायचा. पाऱ्याची वाफ नळीने पाण्यात सोडली की पुन्हा पारा हाती लागतो, भांड्यात राहतं ते छिद्राछिद्रांचं, मळकट पिवळं सोनं. ते मुशीत टाकायचं, टाकणखार घालायचा, १,०६४ अंशांच्या वर तापवायचं, साच्यात ओतायचं. टाकणखार हा शब्द माझ्या तोंडून मराठीत निघाला आणि वाटाड्याने बोट उचललं. पांढरी भुकटी दोघांच्या ओळखीची होती. इथून पुढे मामाचं राज्य सुरू होतं.

पाऱ्याने वेडं झालेली, दात पडलेली माणसं असणारच. पण बेंडिगोत मोठा बळी घेतला तो पाऱ्याने नव्हे, गारगोटीनेच. हातोडी-छिन्नीने भोकं पाडत तोवर धूळ बेताची होती. पुढे हवेच्या दाबावर चालणारी ड्रिल यंत्रं आली. ती कोरड्या दगडात भोक पाडत आणि गारेची बारीक भुकटी कामकऱ्याच्या तोंडावर उडवत. वाटाड्याने ते यंत्र काही सेकंद चालवून दाखवलं. नंतर बराच वेळ आम्ही एकमेकांशी ओरडून बोलत होतो. या यंत्राचं खाणकऱ्यांतलं नाव होतं ‘विडो-मेकर’. बायकांना विधवा करणारं. ती भुकटी डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक असते, फुप्फुसात जाऊन बसते आणि तिथून निघत नाही. फुप्फुस दगडासारखं घट्ट होत जातं, त्यावर क्षय चढतो. १९०६च्या सुमारास डॉ. वॉल्टर समन्स यांनी बेंडिगोतल्या खाणकऱ्यांना तपासून अहवाल लिहिला, १९०७ साली तो छापला गेला. उपाय साधाच निघाला: ड्रिलच्या टोकातून पाणी सोडा, धूळ भिजवा, हवा खेळती ठेवा. पाण्याची नळी जोडायला पैसा लागतो आणि ओला माणूस कुरकुरतो, म्हणून उपाय कळल्यावरही वर्षं गेली.

मला याचं नवल वाटलं नाही, हे मात्र सांगितलं पाहिजे. मामाच्या गल्लीत तेजाबाच्या धुरात बसून खोकणारी माणसं होती. धुराडं उंच बांधा, पंखा लावा, एवढंच करायचं होतं. सोन्याच्या दोन्ही टोकांना माणसं खोकतात, आणि मधल्या दुकानात एसी असतो.

पाऱ्याच्या पत्र्याची एक खोड होती. मोकळं सोनं तो पकडायचा. पायराइटच्या पोटात दडलेलं, अतिबारीक सोनं वाळूबरोबर निघून जायचं. गावाबाहेर वाळूचे पांढरे डोंगर झाले आणि त्यांत कितीतरी सोनं पडून राहिलं. १८८७ साली ग्लासगोत मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी सायनाइडची युक्ती काढली. अगदी पातळ सायनाइडच्या पाण्यात हवा खेळवली की सोनं चक्क विरघळतं, वाळू तशीच राहते. पाण्यातून मग सोनं परत काढायचं. आजही जगातलं बहुतेक सोनं याच वाटेने येतं. बेंडिगोतल्या जुन्या वाळूच्या ढिगांतून पुन्हा सोनं काढलं गेलं ते त्यामुळे. त्या चिनी खाणकऱ्यांना आता कोणी हसायचं कारण उरलं नाही.

याहून अजब गोष्ट बेंडिगोच्या पूर्वेला वीस-पंचवीस किलोमीटरवर फॉस्टरव्हिल खाणीत आहे. तिथे बरंच सोनं पायराइट आणि आर्सेनिकच्या खड्यांत इतकं रुतलेलं की सायनाइडही आत पोचत नाही. पूर्वी असा दगड भाजत, आर्सेनिकचा धूर सोडत. इथे २००५ पासून जिवाणू ठेवले आहेत. मोठाल्या टाक्या, कोमट आम्लाचं पाणी, हवा, आणि त्यात गंधक-लोखंडावर जगणारे जिवाणू. दळलेला दगड आत सोडायचा. जिवाणू काही दिवसांत ते खडे पोखरतात, सोनं उघडं पडतं. त्यांना सोन्याशी काही देणंघेणं नाही, ते आपलं जेवण करतात. पुढे याच खाणीत खोलवर दिसेल असं मोकळं सोनं असलेली गारगोटी लागली. २०२० साली एका वर्षात तिथून सुमारे ६ लाख ४० हजार औंस सोनं निघालं, म्हणजे जवळजवळ २० टन. टनामागे तीस ग्रॅमच्या वर. आजच्या जगात टनामागे एक-दोन ग्रॅमवर मोठमोठ्या उघड्या खाणी चालतात, तेव्हा हा दगड म्हणजे लॉटरीच.

बेंडिगोच्या पोटात मात्र आता पाणी चढतं आहे. शहराखाली जुन्या बोगद्यांचं जाळं पसरलेलं, एकमेकांत उघडणारं. खाणी चालू होत्या तोवर कंपन्या पाणी उपसत. खाणी बंद झाल्या, पाणी बंद झालं नाही. ते आर्सेनिक घेऊन येतं, म्हणून उपसून, शुद्ध करून मगच सोडावं लागतं. हा खर्च आता सरकारवर, म्हणजे करदात्यांवर. मी उभा होतो तो दुसरा मजला कोरडा आहे तो पंपाच्या जिवावर. लॅन्सेल १९०६ साली गेला. त्याच्या बंगल्याची झुंबरं शाबूत आहेत आणि पाण्याचं बिल पणतू भरत आहेत. त्याचे पणतू नव्हेत, गावाचे.

आपल्याकडे कोलारची गोष्ट याहून वेगळी नाही. तिथेही गारेच्याच शिरा. जॉन टेलर कंपनीने १८८० मध्ये काम सुरू केलं, तीन किलोमीटरहून खोल गेले, २००१ साली टाळं लागलं. ‘केजीएफ’ सिनेमा पाहिलेल्यांना ते मारामारीचं गाव वाटतं. रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीत अजून सोनं निघतं, आणि सोलापूरकरांना ते बेंगळुरूपेक्षा जवळ आहे. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पत्थरात मात्र शोधत बसू नये. तो लाव्हारस; त्यात गारगोट्या सुंदर मिळतात, सोनं नाही.

परतीच्या गाडीत मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. टनामागे दहा ग्रॅमचा दगड धरला तर एका तोळ्याला साधारण ११७० किलो गारगोटी. आजच्या एक ग्रॅमच्या खाणीचा हिशेब धरला तर तोळ्यामागे साडेअकरा टनांवर दगड, म्हणजे रस्त्यावरचा एक भरलेला डंपर. लग्नात वधूच्या अंगावर दहा तोळे घालायचे असा आग्रह धरणाऱ्या मंडळींनी मांडवामागे दहा डंपर उभे असल्याची कल्पना करून बघावी. भाव का चढतो याचं कारण बाजार सांगेलच, पण निदान एक कारण तरी मुसळांच्या तालात ऐकायला मिळतं.

व्हिक्टोरिया राज्यात कोणालाही नाममात्र फी भरून दहा वर्षांचा ‘मायनर्स राइट’ मिळतो आणि ठरलेल्या सरकारी जमिनीवर सोनं शोधता येतं. २०२३ साली एका हौशी माणसाला साध्या डिटेक्टरवर ४.६ किलोचा दगड सापडला, त्यात २.६ किलो सोनं होतं. ही बातमी वाचून कुदळ विकत घेऊ नका. पण मेलबर्नला मुलाकडे जाणार असाल आणि पेंग्विन बघून झाले असतील, तर एक दिवस बेंडिगोला द्या. सकाळची गाडी पकडा, खाणीचं तिकीट आधी काढून ठेवा, उन्हाळा असला तरी स्वेटर घ्या, सपाट तळव्याचे बंद बूट घाला. गुडघे कुरकुरत असतील तर दुसऱ्या मजल्याचीच फेरी पुरे. आणि वाटाड्याने दगड हातात दिला की लगेच चमकणाऱ्या भागावर बोट ठेवू नका. आधी फिरवून बघा.